ताण

जानेवारीचा पहिला आठवडा, सकाळी साडेदहाची वेळ आणि रस्त्याकडेची एक नर्सरी. हिरव्या जाळीखाली नुकतंच पाणी मारून झालं होतं, काळ्या पिशव्यांतल्या लाल मातीचा ओला वास सुटला होता. शेवंतीच्या रोपांमधून वाट काढत एक बाई आल्या आणि त्यांनी फोनमधला त्यांच्या मोगऱ्याचा फोटो नर्सरीवाल्यापुढे धरला. मोगरा खरंच बघण्यासारखा होता. कमरेएवढं झुडूप, तेल लावल्यासारखी चकाकणारी काळसर हिरवी पानं, पिवळं पान औषधालाही नाही. गेल्या अख्ख्या उन्हाळ्यात मात्र मोजून सात-आठ फुलं आलेली. नर्सरीवाल्याने फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि एवढंच विचारलं, "ताई, पाणी रोज घालता?" बाई म्हणाल्या, "रोज. एक दिवस चुकत नाही." त्यावर तो फोन परत देत म्हणाला, "मग तो कशाला फुलेल?"

उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. तरी ते कानात अडकून राहिलं, कारण "एक दिवस चुकत नाही" म्हणताना त्या बाईंच्या आवाजात शाबासकीची अपेक्षा होती आणि मिळाली ती चूक.

आपल्याकडे झाडाची काळजी म्हणजे पाणी. गावाला जाताना शेजारी किल्ली देतो ती "झाडांना पाणी घाला हं" एवढ्या एका वाक्यासह. "तेवढी छाटणी बघा" किंवा "लिंबाला पाणी देऊ नका" असं कुणी सांगून जात नाही. तुळशीला पाणी, वडाला पाणी, पिंपळाला पाणी. हात आखडता घेणं घराच्या बागेत कद्रूपणात मोडतं. शेतात मात्र त्याला नाव आहे, आणि ते नाव बागायतदाराच्या तोंडी दिवसातून दहादा येतं: ताण. संत्र्याला ताण दिला, डाळिंब ताणावर सोडलंय, लिंबाचा ताण तोडला. बहार धरायचा तर आधी ताण द्यावा लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबे बहार, जून-जुलैतला मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातला हस्त बहार. झाडाला वर्षभर थोडं थोडं, अवेळी फुलू न देता एकदाच अंगभर फुलायला लावायचं, आणि त्यासाठी काही आठवडे पाणी बंद ठेवायचं.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पाणी आणि नत्र मुबलक मिळत असेल तर झाड तयार केलेलं सगळं अन्न नवी पानं, नवे शेंडे वाढवण्यात खर्च करत राहतं. पाणी तुटलं की शेंड्यांची वाढ आधी थांबते, पण आहेत ती पानं ऊन खाऊन काही दिवस अन्न बनवतच राहतात. खर्च थांबला आणि जमा चालू राहिली की फांद्यांमध्ये साठा होतो. पुढे पाणी मिळालं की त्याच फांद्यांवरचे डोळे पानाऐवजी कळी घेऊन उघडतात. हे कुठे पाहायचं असेल तर फाल्गुनात घाटरस्त्याने जावं. पळस, पांगारा, काटेसावर ही मंडळी अंगावरची पानं टाकून मग पेटतात. महामार्गाच्या दुभाजकावरची बोगनवेल टँकरची वाट बघत करपलेली असते आणि रंगाने फुटत असते. तीच जात गच्चीवर, रोज पाणी आणि वर महिन्याला खत खाऊन, नुसती हिरवी वेल होऊन कठड्यावरून लोंबते. युरिया हा या हिरवेपणाचा सगळ्यात मोठा भागीदार. चिमूटभर टाकला तरी आठवड्यात पानं गडद होतात, माणूस खूश होतो आणि फूल पुढच्या वर्षावर जातं.

ताण म्हणजे झाड वाळवणं नव्हे. तिथेच घरोघरी गाडी घसरते.

लिंबाचं बघा. अंगणातल्या लिंबाला आंबे बहारासाठी डिसेंबरात पाणी थांबवतात. हलक्या, मुरमाड जमिनीत तीन-चार आठवडे पुरतात. काळ्या भारी जमिनीत दीड-दोन महिनेही लागतात, कारण तिच्या पोटात ओल दडून राहते. तारीख लक्षात ठेवून काही उपयोग नाही, झाडाकडे बघावं लागतं. आधी पानांची चमक जाते, मग दुपारी ती मलूल होऊन कडा आत वळवतात, मग खालची पिवळी पडून गळायला लागतात. साधारण पाव ते अर्धी पानं गळाली की बस, तिथे ताण तोडायचा. आता सल काढायची, म्हणजे वाळलेल्या काटक्या जिथून वाळल्या तिथून जरा खाली, हिरव्या लाकडापर्यंत कापायच्या. खोडातून सरळ उभे वर जाणारे, जाडजूड काट्यांचे, मोठ्या पानांचे पानसोटही काढायचे. दिसायला ते सगळ्यांत जोमदार असतात, म्हणूनच लोक ते ठेवतात, आणि त्यांना लिंबू लागत नाही. मग आळं हलकं चाळून दोन पाट्या कुजलेलं शेणखत घालायचं आणि पाणी सुरू करायचं. पहिलं पाणी हलकं, जमीन नुसती ओलवेल इतकंच. जुने बागायतदार त्याला आंबवणी म्हणतात आणि तीन-चार दिवसांनी जरा जास्त दिलेल्या दुसऱ्याला चिंबवणी. पूर्ण पाणी त्यानंतरच. महिनाभर तहानलेल्या झाडाला दया येऊन पहिल्याच दिवशी आळं तुडुंब भरलं, तर एकतर झाड सगळा साठा पानांत उधळतं, नाहीतर आलेली फुलं ढिगाने खाली येतात. आणि आळं दुहेरी करावं: खोडाभोवती हातभर माती चढवून ठेवायची, पाणी बाहेरच्या कड्यात फिरवायचं. खोडाला पाणी टेकून राहिलं की साल तडकून डिंक ओघळू लागतो. त्या डिंक्याने पाच-सहा वर्षांचं लिंबू एखाद-दोन पावसाळ्यांत संपतं.

कुंडीतल्या मोगऱ्याला इतका लांबचा पल्ला नको. बारा-चौदा इंची कुंडीत माती किती आणि ओल किती! तिथे आठवडाभर, फार तर दहा-बारा दिवस. डिसेंबराच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत केव्हाही सुरुवात करावी. (दक्षिणेत मोगऱ्याची छाटणी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच करतात आणि शेतात जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर सरसकट कापतात. आपल्याकडे पुणे-नाशिकच्या थंडीत नवी फूट उगाच थिजते, म्हणून थोडं थांबलेलं बरं.) पाणी बंद केल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी शेंडे माना टाकतात. संध्याकाळी ते परत उभे राहिले तर काळजी नाही. सकाळी सहा वाजताही मान खालीच असेल तर ताण जास्त झाला. लगेच पेलाभर पाणी द्यावं. ही सकाळची खूण सोडू नये. दुपारचं मलूल होणं ऊन असतं, सकाळचं मलूल होणं मुळांचं असतं.

मग छाटणी. सिकेटरला, म्हणजे छाटणीच्या कात्रीला, धार हवी. बोथट पातं फांदी कापत नाही, चेंगरतं, आणि चेंगरलेल्या जागेतून बुरशी शिरते. पातं स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्यावं. आधी वाळलेल्या काड्या, मग पेन्सिलच्या शिशाएवढ्या बारीक फांद्या बुडातून, मग एकमेकींवर घासणाऱ्या दोनपैकी एक. उरलेलं झुडूप निम्म्यावर आणायचं आणि राहिलेली पानं हाताने ओरबाडून काढायची. पान खालच्या दिशेला न ओढता शेंड्याकडे ओढायचं, नाहीतर पानाबरोबर सालीची पट्टी आणि बगलेतला डोळाही निघून येतो. तो डोळाच तर हवा आहे. यानंतर कुंडीत उरतात दहा-बारा बोडके खुंट, आणि घरातलं कुणीतरी "मारलंत ना शेवटी" असं म्हणतं. वरची दोन इंच माती उकरून एक दिवस उन्हं खाऊ द्यायची, बारीक पांढरी मुळं दिसली तर तुटू द्यायची, कुंडीच्या कडेला चिकटलेली जाड मुळं मात्र सांभाळायची. दोन ओंजळी पूर्ण कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, चमचाभर हाडांचा चुरा. शेणखत कुजलंय की नाही ते नाकाने ठरवावं: शेणाचा वास आला तर अजून नाही, पहिल्या पावसाचा आला तर झालं. पेलाभर पाणी, चार दिवसांनी पोटभर. पंधरवड्यात खुंटांच्या बगलांतून तांबूस-पोपटी टोकं निघतात आणि दीड-दोन महिन्यांत त्याच कोवळ्या फुटींच्या शेंड्यांवर कळ्यांचे तिघी-तिघींचे झुपके. मोगरा जुन्या लाकडावर फुलत नाही, नव्या फुटीच्या टोकावर फुलतो. म्हणजे जितके शेंडे, तितके झुपके. एक बहर ओसरला की फुललेला प्रत्येक शेंडा दोन पेरं खाली कापला तर जूनपर्यंत दोन-तीन बहर मिळतात. पालघर जिल्ह्यात विक्रमगड-जव्हारकडे मोगऱ्याची शेती आहे, आणि तिथले शेतकरी पहाटे टॉर्च घेऊन कळ्या खुडतात. त्यांच्या झुडपांकडे पाहिलं तर ती गुडघा-मांडीच्या वर जाऊ दिलेलीच नसतात. कमरेएवढा मोगरा हा मुळात न छाटलेला मोगरा.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी होती. कुंडीला पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर यातलं काहीही करू नये. सावलीतल्या मोगऱ्याकडे साठवायला अन्नच नसतं; त्याला ताण देणं म्हणजे उपाशी माणसाला एकादशी सांगणं.

कुणाला ताण द्यायचा नाही, ही यादीही मोठी आहे. फळ धरलेल्या झाडाला कधीच नाही; डाळिंब ताणावर ठेवून मग एकदम पाणी दिलं की दाणे फुगतात, साल पुरत नाही आणि फळ उभं तडकतं. पालेभाज्यांना नाही, मेथी-कोथिंबीर तहानली की आठवड्यात फुलावर येते आणि पानं कडू होतात. कढीपत्त्याची फुलं तर खुडूनच टाकायची असतात, कारण तिथे आपल्याला पानंच हवीत. आणि तुळस. तुळशीचं प्रकरण उलटंच आहे: ती फुलली की संपत आली. मंजिऱ्या पिकू दिल्या की खोड लाकूड होतं आणि खालची पानं झडतात. दर आठवड्याला मंजिऱ्या कोवळ्या असतानाच, खालच्या दोन पानांसकट खुडाव्यात. घरोघरच्या तुळशी थंडीत जातात त्या मात्र थंडीपेक्षा रोजच्या तांब्याने. डिसेंबरात तिची वाढ मंदावलेली असते, ओल उडत नाही, वृंदावनाला खाली भोकही धड नसतं, त्यात वरून दूध आणि हळद-कुंकू. मुळं गुदमरतात. श्रद्धेला धक्का न लावता हे सोडवता येतं: आंघोळीनंतर पळीभर पाणी, तांब्याभर नव्हे.

फेब्रुवारी संपला की हिशोब बदलतो. एप्रिलच्या गच्चीवर ताण देण्याची गरज नसते, तो आपोआप मिळतो आणि जास्तच मिळतो. स्लॅबला टेकलेली कुंडी खालून भाजते, म्हणून दोन विटांवर उचलून ठेवावी. मातीवर दोन इंच वाळका पालापाचोळा पसरावा, खोडापासून चार बोटं सोडून. पाणी सकाळी सातच्या आत. आणि नळीने घालत असाल तर उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी बादलीत काढून टाकावं, ते हात लावून बघा, चहा करता येईल. या दिवसांत एक फसवणूक नेहमी होते. नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या मुळांभोवती चिकट लाल मातीचा गोळा असतो. तो एकदा कोरडा पडला की दगडासारखा आवळतो आणि कुंडीच्या कडेने फट पडते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, बशीत पाणी दिसतं, माणसाला वाटतं झाड तृप्त झालं आणि आत गोळा ठणठणीत कोरडा. अशी कुंडी टबात बुडवून ठेवायची, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. नवीन रोप लावताना तो गोळा पाण्यात भिजवून हलकेच सैल केला असता तर ही वेळ आली नसती. पान उलटून बघायची सवय याच दिवसांत लागावी: मोगऱ्याच्या पानामागे लाल कोळी बारीक जाळं विणतो, वरून पान धुळकट-पांढुरकं दिसतं. पाण्याची जोरदार फवारणी पानामागून, तीन-चार दिवस सलग, पुष्कळदा तेवढ्याने भागतं. पिठ्या ढेकूण असेल तर आधी मुंग्यांची वाट शोधावी. मुंग्या त्याला राखतात, गोड चिकट्यासाठी. लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्याचा साबण, संध्याकाळी, उन्हं गेल्यावर. दुपारी फवारलं तर तेलाने पान करपतं.

बोअरचं पाणी असेल तर मोगरा आणखी एक तक्रार करतो. कोवळी पानं लिंबासारखी पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. लोक पिवळं पान बघून पाणी वाढवतात, मग खत वाढवतात, दोन्ही वाया. चुनखडीच्या पाण्याने माती अल्कधर्मी झाली की लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), पानांवर फवारून. फवारताना खाली जुना कागद पसरावा. हिराकसाचे तांबूस डाग फरशीवरून जात नाहीत, आणि ते मोगऱ्यापेक्षा जास्त वर्षं टिकतात.

पावसाळ्यात तर पाणी आपल्या हातातच नसतं. म्हणून हस्त बहार धरणं सर्वांत अवघड. ऐन ताण द्यायच्या वेळी आभाळ फाटलेलं असतं. तेव्हा घरच्या बागेचं काम एवढंच, की आलेलं पाणी जाऊ द्यायचं. मृगाआधी बशा काढून ठेवायच्या, प्रत्येक कुंडीच्या भोकात काडी घालून बघायची, मुळांनी बुजलं असेल तर दोन वर्षं झाली का आठवायचं आणि कुंडी बदलायची: गोळ्याच्या बाहेरची बोटभर मुळं पावाच्या कडा कापाव्यात तशी कापून, नव्या मातीत. काळी माती एकटी कुंडीत वापरू नये, पावसात चिखल आणि मार्चमध्ये भेगा. गोगलगायी रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन वेचाव्यात. सकाळी फक्त त्यांची चंदेरी वाट सापडते. पानांवर काळे ठिपके वाढले तर बोर्डो, हे बुरशीवरचं घरी करता येणारं औषध: दहा ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्ध्या लिटरमध्ये, दहा ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत, मग एकत्र. त्यात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवावा. तांब्यासारखा लाल होऊन आला तर चुना कमी आहे, अजून घाला, नाहीतर पानं जळतील. केलं त्याच दिवशी संपवावं.

ऑक्टोबरात गुलाब. इथे पूर्वी मुळं उघडी टाकून ताण द्यायची पद्धत होती. मला ती पटत नाही, कलमी गुलाब आणि तोही कुंडीतला, त्याला ते झेपत नाही. चार-सहा दिवस पाणी कमी करून छाटावा एवढं पुरे. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा निवडून त्याच्या वर पाव इंचावर तिरका काप. कापात गाभा पांढरा दिसला पाहिजे. तपकिरी दिसला तर फांदी वरून मरत आलीय, पांढरा लागेपर्यंत खाली खाली कापत जायचं, मग कापावर बोर्डोचा लेप. सहा-सात आठवड्यांनी फूल. आणि नाशिककडे त्याच सुमारास द्राक्षाची फळछाटणी चालू असते. ज्या डोळ्यांवर तेव्हा भरवसा ठेवायचा, त्यांत घड आहे की नुसती वेल, हे एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या, म्हणजे नव्या काड्या वाढवण्यासाठी वेल खरडून कापल्यानंतरच्या, उन्हातच ठरून गेलेलं असतं. त्या उन्हाळ्यात आभाळ भरून राहिलं तर पुढे कितीही खत घाला, घड कमीच.

नर्सरीतल्या त्या बाईंनी पुढे सगळं नीट ऐकून घेतलं होतं. किती दिवस, कुठून कापायचं, शेणखत किती. दोन किलोची शेणखताची पिशवी घेतली, पेंड घेतली, सिकेटरची किंमत विचारून घरी आहे म्हणाल्या. नर्सरीवाला सुटे पैसे मोजत होता. त्या दोन पावलं गेल्या, परत आल्या.

"दहा दिवस अजिबात नाही म्हणता?"

"अजिबात नाही, ताई."

"बरं." पिशवी या हातातून त्या हातात गेली. "पण मधे एखाद्या दिवशी पानांवर जरा शिंपडलं तर चालेल ना?"